यंत्राने कापल्यामुळे मऊ पडलेला टेरियरचा राठ कोट पूर्ववत होतो का?

प्रश्न

आमच्या घरी तीन वर्षे आठ महिन्यांची वायर फॉक्स टेरियर जातीची कुत्री आहे. तिचे नाव भिंगरी. ती तारुण्यात आली तेव्हा तिच्या पाठीवरचा पट्टा कोळशासारखा काळा होता, डोके आणि कान गडद तांबूस होते, आणि पाठीवरून उलट्या दिशेने हात फिरवला की तळव्याला काथ्याच्या पायपुसण्यासारखा खरखरीत स्पर्श जाणवत असे. ओल्या गवतातून फिरून आली तरी एकदा अंग झटकले की ती जवळजवळ कोरडी होई, आणि चिखल वाळल्यावर ब्रशच्या चार फटकाऱ्यांत गळून पडे.

गेल्या सव्वा वर्षात तिला तीन वेळा एका ग्रूमिंग केंद्रात नेले आणि तिन्ही वेळा तेथे क्लिपरने तिचे अंगभर केस कापण्यात आले. पहिल्या खेपेस फारसा फरक जाणवला नाही. दुसऱ्या खेपेनंतर मात्र काळा पट्टा राखाडी दिसू लागला, तांबूस रंग फिकट पडला, आणि आता तिसऱ्या खेपेनंतर सात आठवड्यांनी तिच्या अंगावर जे केस आहेत ते पिंजलेल्या कापसासारखे मऊ आहेत. पाणी आता आत कातडीपर्यंत मुरते, वाळायला बराच वेळ लागतो, आणि काखेत व कानांमागे गुंता होतो. महिनाभरापासून ती कुशीला आणि पोटाच्या कडेला खाजवतेही. दहाव्या महिन्यात तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आहे, याचा केसांशी काही संबंध असल्यास कृपया सांगावे.

अलीकडे माझ्या वाचनात आले की या जातींचे केस कापायचे नसतात, तर हाताने उपटून काढायचे असतात, आणि त्याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. जिवंत प्राण्याचे केस उपटल्याने त्याला वेदना होत नाहीत का? होत नसतील तर का होत नाहीत? आणि तीन वेळा कापलेला कोट अशा उपायाने खरोखर पूर्वीसारखा होतो का, की आता उशीर झाला आहे? ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

उशीर झालेला नाही. तीन वेळा कापलेला कोट बहुधा सुधारतो, मात्र त्याला आठ-दहा महिने द्यावे लागतील, आणि नसबंदी झालेली असल्यामुळे तो अगदी पहिल्यासारखा होईलच असे वचन मी देणार नाही. गेली सोळा वर्षे मी बॉर्डर आणि वायर फॉक्स टेरियर सांभाळत आहे. त्यांपैकी दोन कुत्री माझ्याकडे आली तेव्हा त्यांची अवस्था भिंगरीसारखीच होती, त्यामुळे हे अनुभवातून लिहीत आहे.

आधी हा केस कसा असतो ते समजून घ्यावे, म्हणजे उपटण्याविषयीची तुमची शंका आपोआप सुटेल. राठ केसांच्या टेरियरच्या अंगावर दोन थर असतात. वरचा थर जाड, ताठ आणि गडद रंगाचा असतो, तर त्याखाली मऊ, दाट आणि फिकट लव असते. वरचा राठ केस वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा नसतो. त्याचा वरचा भाग सर्वांत जाड, कडक आणि रंगाने भरलेला असतो आणि मुळाकडे तो बारीक व फिकट होत जातो, कारण वाढीच्या शेवटी शेवटी मूळ मंदावते आणि केसाला पूर्वीइतके द्रव्य मिळत नाही. क्लिपर फिरतो तेव्हा नेमका हा वरचा भाग छाटला जातो आणि अंगावर उरतो तो केसाचा बारीक, निस्तेज बुंधा आणि खालची लव. म्हणून काळा पट्टा राखाडी दिसतो. रंग नाहीसा झालेला नसतो, रंगाचा भाग जमिनीवर पडलेला असतो.

दुसरी गोष्ट वाढीच्या चक्राची. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबते आणि तो मुळाशी सैल होऊन नुसता अडकून राहतो. बहुतेक कुत्र्यांचा असा केस आपसूक गळतो, राठ कोटाचा मात्र सहजासहजी गळत नाही. ज्या कामासाठी या जाती घडवल्या गेल्या त्या कामात, म्हणजे बिळांत शिरताना आणि काटेरी झुडपांतून जाताना, यातला बराचसा केस ओढला जात असे. घरात राहणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर तो तसाच राहतो. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास करून असे दाखवण्यात आले की बहुतेक जातींच्या केसांमधील फरक मुख्यतः तीन जनुकांवरून ठरतो. त्यांपैकी आरएसपीओ२ या जनुकातील एका बदलामुळे दाढी, मिशा, दाट भुवया आणि राठ केस हे सारे एकत्र येतात. तेव्हा भिंगरीची दाढी आणि तिच्या पाठीचा खरखरीतपणा ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत.

आता वेदनेविषयी. पिकलेला, म्हणजे वाढ संपून मुळाशी सैल झालेला केस ओढला तर कुत्रे अंग काढून घेत नाही. माझी एक कुत्री तर या कामात टेबलावरच झोपी जात असे. न पिकलेला केस ओढला तर मात्र नक्की दुखते. म्हणून संपूर्ण कौशल्य वेळ ओळखण्यात आहे. कोट पिकला की पाठीवर केसांना आपोआप भांग पडू लागतो, केस अंगाला चिकटून न राहता उभे राहतात आणि कुत्रे विस्कटलेले दिसते. अशा वेळी खांद्याजवळचे पाच-सहा केस टोकाशी चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावेत. विनासायास हाती आले तर काम सुरू करावे, अडले तर दोन आठवडे थांबावे.

कृती शब्दांत सांगणे अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. कोट कोरडा असावा आणि आठवडाभर तरी आंघोळ घातलेली नसावी, कारण ताजा धुतलेला केस बोटांतून निसटतो. सुरुवातीला कंगव्याने सगळे अंग विंचरून गुंते काढावेत. एका हाताने कातडी मागच्या बाजूला ताणून धरावी, दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत अगदी थोडे केस टोकाशी धरावेत आणि केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने, कातडीला जवळजवळ समांतर, छोट्या झटक्याने ओढावेत. मनगट वळता कामा नये, ओढ कोपरापासून आली पाहिजे. मनगट वळले की केस मुळातून न येता मधेच तुटतो, आणि तुटलेला केस म्हणजे पुन्हा कापलेलाच केस. बोटे घसरत असतील तर खडूची पूड लावावी किंवा अंगठा व तर्जनीवर रबरी टोप्या चढवाव्यात. टाचा घासायच्या वजरीसारखा सच्छिद्र दगडही मिळतो. तो केसांवर टेकवून अंगठ्याने केस त्यावर दाबून धरले की पकड उत्तम येते.

स्ट्रिपिंग नाइफ नावाचे दातेरी अवजार बाजारात असते आणि पुष्कळ जण पहिल्या दिवशी तेच विकत घेतात. माझे मत असे की पहिली दोन स्ट्रिपिंग तरी केवळ बोटांनी करावीत. नव्या नाइफचे दाते धारदार असतात आणि शिकाऊ हातात ते केस ओढण्याऐवजी कापतात, आणि आपण स्ट्रिपिंग करत आहोत या समजुतीत माणूस महिनोन्‌महिने कोट बिघडवत राहतो. उपटलेला प्रत्येक पुंजका उजेडात धरून पाहावा. टोकाकडून मुळाकडे निमुळता होत जाणारा संपूर्ण केस दिसला पाहिजे. एका बाजूला सरळ रेषेत कापल्यासारखी कड दिसली तर अवजार किंवा मनगट यांपैकी एकाचा दोष आहे असे समजावे.

भिंगरीपुरते सांगायचे तर सात आठवड्यांपूर्वी कापलेला केस आज चिमटीत नीट येणार नाही. आत्ता फक्त खालची मेलेली लव काढायला घ्यावी. त्यासाठी बारीक दात्यांचा नाइफ कातडीशी समांतर, जवळजवळ आडवा धरून, केसांच्या दिशेने नुसता विंचरल्यासारखा फिरवावा. याला कार्डिंग म्हणतात. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे एवढे केले तरी पुष्कळ लव निघते आणि नव्या राठ केसाला वर यायला जागा होते. आणखी सहा ते आठ आठवड्यांनी वरचा केस पकडता येईल इतका वाढेल, तेव्हा जो सहज येईल तेवढाच काढावा. पहिल्या खेपेस ती ठिगळे लावल्यासारखी दिसेल, कारण कापलेल्या केसांपैकी काही पिकलेले असतात, काही अजून वाढत असतात. त्याने निराश होऊन पुन्हा क्लिपरकडे वळू नये. दोन-अडीच महिन्यांनी दुसरी खेप करावी. माझ्या अनुभवात खरा रंग दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मधे दिसू लागतो. पाठीवर गडद, टोकदार केसांचे कोंब फुटलेले दिसतात तो दिवस मला आजही सणासारखा वाटतो.

नसबंदीनंतर काही कुत्र्यांची लव अधिक दाट आणि लोकरीसारखी होते हे खरे आहे. अशा कोटाला राठपणा येतो, पण लव सतत काढत राहावी लागते, आणि ते काम सोडले की वर आलेला राठ केस पुन्हा तिच्यात बुडून जातो.

प्रतिसाद २

मी पशुवैद्यक आहे. वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु क्रमाविषयी एक सूचना करतो. भिंगरी महिनाभर खाजवत आहे, तेव्हा कोटाचा विचार करण्यापूर्वी तिची त्वचा तपासून घ्यावी. लाल पडलेल्या, पुरळ आलेल्या, खपल्या धरलेल्या किंवा वास येणाऱ्या कातडीवर स्ट्रिपिंग अजिबात करू नये, कारण केस निघालेल्या छिद्रांतून जंतुसंसर्ग खोलवर जाऊ शकतो.

वायर फॉक्स टेरियर आणि वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत अॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे वातावरणातील परागकण, धुळीतील किडे इत्यादींमुळे होणारा त्वचेचा दाह, तुलनेने अधिक आढळतो. तो बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. पंजे चाटणे, तोंड गालिच्यावर घासणे, काखा, जांघा आणि पोटाची कातडी लाल होणे, कानांचा दाह वारंवार होणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. यांपैकी काही दिसत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. पिसवा आणि गोचीड यांची शक्यताही आधी दूर करावी. पिसवा दिसल्या नाहीत म्हणजे त्या नाहीत असे होत नाही. ओल्या पांढऱ्या कागदावर कंगव्यातला काळा कचरा झटकावा, त्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा असते.

कापल्यानंतर केस परत उगवायला असाधारण वेळ लागत असेल, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होत असतील आणि जोडीला वजन व सुस्ती वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करणे योग्य ठरते. ही व्याधी बहुधा मध्यम वयात दिसते. भिंगरीचे केस व्यवस्थित उगवत आहेत असे तुमच्या वर्णनावरून वाटते, म्हणून ही शक्यता मला कमी वाटते, तरी कोट बिघडण्याचे प्रत्येक कारण क्लिपरच असते असे धरून चालू नये.

आणखी एका गोष्टीकडे सर्वांचेच लक्ष वेधतो. शाम्पू पाण्यात मिसळून बाटलीत भरून ठेवण्याची आणि तो पुढच्या आंघोळीला वापरण्याची सवय अनेकांना असते. अशा पातळ केलेल्या शाम्पूत स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढू शकतात, आणि आंघोळीच्या वेळी जोराने घासले किंवा केस ओढले गेले तर ते केसांच्या मुळांत शिरतात. एक-दोन दिवसांतच पाठ इतकी दुखू लागते की कुत्रे हात लावू देत नाही, काहींना ताप येतो आणि मग पुळ्या दिसतात. शाम्पू लागेल तेवढाच त्या वेळी पातळ करावा आणि उरलेला फेकून द्यावा. स्ट्रिपिंगनंतर काही दिवस आंघोळ टाळावी. मानेवर थेंब सोडायचे पिसवांचे औषधही त्याच दिवशी लावू नये, कारण केस नुकतेच काढलेली कातडी हुळहुळी असते. त्या दिवसांत तिला दुपारच्या कडक उन्हातही ठेवू नये. पांढऱ्या भागांखालची गुलाबी कातडी उन्हाने लवकर भाजते.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण क्लिपर म्हणजे दरवेळी चूकच असा समज होऊ नये म्हणून लिहिते. आमचा एअरडेल शेरू नऊ वर्षांचा होईपर्यंत मी त्याचे केस हातानेच काढले. एअरडेल ही टेरियरमधली सर्वांत मोठी जात. पूर्ण स्ट्रिपिंगला मला तीन दिवस, दररोज तीन-साडेतीन तास लागत असत, आणि तो ते आनंदाने करू देत असे. दहाव्या वर्षी त्याला संधिवाताने अर्धा तास उभे राहणेही जड जाऊ लागले. आडवे झोपवून करून पाहिले, पण कूस बदलताना त्याला होणारा त्रास मला पाहवेना. तेव्हापासून तो शेवटपर्यंत क्लिपरवरच राहिला. त्याची काळी पाठ करडी झाली, याचे मला सुरुवातीला वाईट वाटले; पण वीस मिनिटांत मोकळा होऊन तो आपल्या गादीवर जाऊन पडे, तेव्हा योग्य तेच केले असे वाटे.

म्हातारे, आजारी, हृदयविकार असलेले किंवा कोणत्याही कारणाने हाताळणी सहन न होणारे कुत्रे असेल तर रंगापेक्षा त्याचे स्वास्थ्य मोठे आहे. फक्त कापणेही नीट करता येते. क्लिपर लावण्यापूर्वी आणि नंतर दोन्ही वेळा कार्डिंग करून लव काढली तर कोट बराच बरा राहतो, कारण निम्मा फिकटपणा साठलेल्या लवेचा असतो. पाते केसांच्या दिशेनेच फिरवावे, केस अगदी कातडीपर्यंत उतरवू नयेत आणि दर काही मिनिटांनी पाते स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे. ते तापले असेल तर कुत्र्याची कातडी भाजते. भिंगरीला खाज क्लिपरनंतर सुरू झाली असेल तर हेही कारण डॉक्टरांपुढे मांडावे.

आणि स्ट्रिपिंग सर्व टेरियरना लागू नाही, हेही इथे नोंदवायला हवे. सॉफ्ट कोटेड व्हीटन, केरी ब्लू आणि बेडलिंग्टन हे टेरियर असले तरी त्यांचा कोट मऊच असतो आणि तो कात्रीनेच राखायचा असतो. एका परिचितांनी उत्साहाच्या भरात आपल्या व्हीटनचे केस उपटायला घेतले होते आणि बिचारे कुत्रे पुढे कित्येक महिने कंगवा पाहिला तरी पलंगाखाली शिरत असे.

मूळ प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल भिंगरीला डॉक्टरांकडे नेले. पिसवा आढळल्या नाहीत. कुशीला लालसरपणा आहे, त्यावर औषध सुरू केले आहे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. तोपर्यंत मी तिच्या कोटाला हात लावणार नाही. पातळ केलेल्या शाम्पूची बाटली आमच्याकडेही होती, ती त्याच दिवशी रिकामी केली.

पुढच्या तयारीसाठी दोन गोष्टी विचारतो. पाय, दाढी आणि भुवया यांचे केसही असेच उपटायचे असतात का? तिच्या पायांवरचे केस हल्ली विरळ झाले आहेत आणि दाढीला तांबूस डाग पडून वास येतो. दुसरे असे की ती टेबलावर दोन मिनिटेही स्थिर राहत नाही. केंद्रात तिला बांधून ठेवत असत असे आता कळले. तिची ही भीती कशी घालवावी?

प्रतिसाद १

दोन आठवडे थांबण्याचा निर्णय अगदी योग्य आहे. हे दिवस भीती घालवण्यासाठी वापरता येतील, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

टेबल तूर्त विसरून जावे. तुम्ही जमिनीवर सतरंजी टाकून बसा, ती आपण होऊन जवळ येईल तेव्हा खांद्यावरून हात फिरवा, खाऊचा लहानसा तुकडा द्या आणि ती निघाली तर जाऊ द्या. अडवू नका. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला सर्वांत आधी हे पटावे लागते की येथून निघून जाता येते. काही दिवसांनी कंगवा शेजारी नुसता ठेवावा, मग तो अंगाला टेकवावा, मग दोनदा फिरवावा. पंजे, दाढी आणि शेपटीखालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा. ती जांभया देऊ लागली, ओठ चाटू लागली किंवा मान फिरवून घेऊ लागली तर तिला ताण येत आहे असे समजून तेथेच थांबावे. गुरगुरण्यापर्यंत वाट पाहू नये. पुढे टेबल वापरायचे झाल्यास त्यावर न घसरणारी रबरी चटई घालावी. अनेक कुत्र्यांची टेबलाची भीती ही खरे तर पाय घसरण्याची भीती असते. प्रत्यक्ष स्ट्रिपिंगही एका बैठकीत संपवण्याचा आग्रह धरू नये. रोज वीस मिनिटे याप्रमाणे आठ-दहा दिवसांत एक खेप पूर्ण झाली तरी केस साधारण एकसारखे येतात. त्याहून लांबले तर दोन लांबीचे केस दिसतील, पण घरच्या कुत्र्याला त्याने काही बिघडत नाही.

उलट, हाच धागा पुढे नेला तर कोट कायम चांगला राखण्याची एक पद्धत मिळते. तिला रोलिंग कोट म्हणतात. वर्षातून दोनदा सगळे केस काढण्याऐवजी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला फक्त सर्वांत लांब, वर आलेले केस निवडून काढायचे. अंगावर एकाच वेळी तीन वयांचे केस राहतात, कातडी कधीच उघडी पडत नाही आणि कुत्रे बारा महिने नीटनेटके दिसते. प्रदर्शनांत उतरणाऱ्या कुत्र्यांचे कोट पुष्कळदा असेच राखलेले असतात. या जातीला त्या क्षेत्रात मोठा मान आहे. अमेरिकेतील वेस्टमिन्स्टर प्रदर्शनाचा सर्वोच्च किताब २०१९ पर्यंत १५ वेळा वायर फॉक्स टेरियरने मिळवला होता, म्हणजे अन्य कोणत्याही जातीपेक्षा अधिक वेळा. पण मी ही पद्धत सुचवतो ती दिसण्यासाठी नाही. संवेदनशील कातडीच्या कुत्रीला थोडे थोडे काम सोसते, आणि दर आठवड्याला तिचे सगळे अंग आपल्या बोटांखालून जात असल्यामुळे गाठ, पुरळ किंवा गोचीड वेळेवर सापडते. भिंगरीच्या बाबतीत दुसऱ्या पूर्ण खेपेनंतर या पद्धतीकडे वळावे असे मला वाटते.

पायांचे केस पाठीसारखे काढू नयेत. ते वाढायला फार वेळ लागतो. एकदा मोकळे केलेले पाय भरायला वर्षही लागू शकते. पायाला खांबासारखा आकार यावा एवढ्यापुरते बाहेर डोकावणारे लांब केस आणि टोकाशी दुभंगलेले केस तेवढे बोटांनी काढावेत. पाय विरळ होण्याचे मला दिसलेले सर्वांत सामान्य कारण म्हणजे गुंते कोरडेच ओढून विंचरणे. आधी हाताने पाण्याचा हलका शिपका मारावा, बोटांनी गुंता सोडवावा, मग विरळ दात्यांचा कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू कातडीपर्यंत न्यावा. पाठीच्या राठ केसांना कंडिशनर कधीही लावू नये, तो त्यांना लुळे करतो. पाय आणि दाढी यांना मात्र थोडासा लावल्यास केस तुटणे कमी होते. अंगाला पूर्ण आंघोळ क्वचितच घालावी आणि पाय, पोट, दाढी यांपुरते धुणे वारंवार करावे, असा माझा परिपाठ आहे.

डोक्याचा माथा आणि गालांचे वरचे भाग बोटांनी करता येतात, तेथे केस आखूड ठेवायचा असतो. गळा, पोट, जांघा आणि शेपटीखालची जागा येथे कातडी फार नाजूक असते. तेथे उपटण्याचा हट्ट धरू नये. बोथट टोकाची कात्री किंवा क्लिपर वापरणे यात काहीच कमीपणा नाही. भुवयांचे केस डोळ्यात टोचत असतील तेवढेच बाहेरच्या कोपऱ्याकडून कमी करावेत.

प्रतिसाद २

दाढीविषयी मी लिहितो, कारण तेथे केसांपेक्षा ओलाव्याचा प्रश्न असतो. लाळेत आणि अश्रूंत असणारी तांबूस रंगद्रव्ये केसांवर साचतात आणि सतत ओल्या राहणाऱ्या केसांत यीस्ट वाढते, त्यामुळे रंग आणि वास दोन्ही येतात. प्रत्येक जेवणानंतर दाढी साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने टिपावी आणि कातडीपर्यंत विंचरावी. पसरट भांड्याऐवजी तोंडाला अरुंद असे पाण्याचे भांडे ठेवले तर दाढी कमी भिजते. एवढे करूनही वास राहिला तर खालच्या ओठाच्या घडीत बोट घालून पाहावे. तेथील कातडी लाल व चिकट असेल किंवा दातांवर कीटण साचले असेल तर वासाचे मूळ दाढीत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिचे तोंड उघडून पाहण्यास सांगावे.

कानांतील केस उपटण्याविषयी कोणी सल्ला दिला तर निरोगी कानात तसे करू नये. केस उपटल्यामुळे कानाच्या नळीची कातडी सुजली की मळ अडकतो आणि संसर्गाला वाट मिळते. वारंवार कान बिघडणाऱ्या कुत्र्यात ते केस काढावे लागतात, पण तो निर्णय कान तपासल्यानंतरच घ्यायचा असतो. भिंगरीची कूस बरी होत असताना कानही हुंगून पाहत राहावे. दोन्ही कानांचा वास सारखा नसेल तर दोन आठवडे न थांबता तिला दाखवावे.